सल्ला देणारा माणूस सही करायला बसला की

मागच्या अंकात मी डॉ. मनमोहन सिंगांवर एक पान लिहिलं होतं, २६ डिसेंबर २०२४ च्या रात्रीबद्दल. त्या रात्री आपलं बेळगाव लाइटच्या माळांनी नुसतं झगमगत होतं. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं झालेली, गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथं टिळकवाडीत, त्यामुळं दिल्लीची सगळी मोठी मंडळी गावात होती, दुसऱ्या दिवशी सभा होती, आणि रात्री दहाच्या सुमाराला टीव्हीवर बातमी आली की डॉक्टर गेले. नेते रातोरात दिल्लीला परतले, सभा झाली नाही, ती पुढं जानेवारीत घेतली. मी गच्चीत उभा होतो, खाली रस्ताभर उजेड आणि आपली गाडी काढून कोण कुठं निघालाय तेवढाच आवाज. इतकी वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला ती रात्र कशी गेली तेवढंच त्या पानात लिहिलेलं.

त्यावर पत्रं आणि व्हॉट्सअॅप मिळून एवढे प्रश्न आले की महिनाभर तेच वाचायलोय. सगळे घेता येणार नाहीत, पण जे वेगवेगळे होते ते इथं घेतलेत. नावं मुद्दाम घातली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

खानापूरची एक विद्यार्थिनी विचारते : सर, मी बी.ए. सेकंड इयरला आहे, इकॉनॉमिक्स घेतलंय. मनमोहन सिंग निवडणूक न लढवता डायरेक्ट अर्थमंत्री कसे झाले? आणि त्याच्या आधी ते नक्की कोण होते, प्रोफेसर की ऑफिसर? प्रत्येक ठिकाणी वेगळंच लिहिलेलं असतंय.

दोन्ही होते गं. तुझा गोंधळ होतोय तो बरोबरच आहे, या माणसानं खुर्च्याच तेवढ्या बदलल्या. जन्म १९३२ चा, गाह नावाचं खेडं, आता ते पाकिस्तानात आहे. आई लहानपणीच गेली, आजीनं वाढवलं, गावात वीज नव्हती, कंदिलावर अभ्यास. फाळणीत घरदार सुटलं, कुटुंब अमृतसरला आलं. पंजाब विद्यापीठातून १९५४ ला एम.ए., मग केंब्रिज, मग परत येऊन शिकवणं, मग ऑक्सफर्डची डॉक्टरेट १९६२ ला, आणि तिचा विषय भारताची निर्यात. हा विषय लक्षात ठेव, पुढं लागणार आहे. त्या काळात दिल्लीत बहुतेकांचं मत असं की आपला माल बाहेर फारसा कोण घेणार नाही, तेव्हा आयात अडवायची आणि सगळं घरातच बनवायचं. आणि हा तिशीचा पोरगा आकडे मांडून सांगत होता की निर्यात मागं पडतेय त्याला आपलीच धोरणंही कारण आहेत.

त्यानंतर संयुक्त राष्ट्रांत व्यापाराचं काम, १९६९ ला दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला प्रोफेसर, आणि १९७१ ला परराष्ट्र व्यापार खात्यात आर्थिक सल्लागार. तिथून पुढं सरकारच. १९७२ ला मुख्य आर्थिक सल्लागार, १९७६ ला अर्थ मंत्रालयात सचिव, १९८२ ते ८५ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर (घरात कुणी जुन्या नोटा जपून ठेवल्या असतील तर बघ, त्यांची सही सापडेल), मग नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष, मग तीन वर्षं जिनिव्हात साउथ कमिशनचे, म्हणजे विकसनशील देशांच्या आयोगाचे, सरचिटणीस, परत आल्यावर पंतप्रधान चंद्रशेखरांचे सल्लागार, आणि मार्च १९९१ ला यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, अध्यक्ष.

म्हणजे वीस वर्षं हा माणूस सल्लाच देत होता. फाइलवर टिपण लिहायचं, ते वर जायचं, वर बसलेला मंत्री घ्यायचा किंवा ठेवून द्यायचा. आयात-लायसनची सगळी व्यवस्था त्यांनी आतून बघितलेली, त्यातले दोष त्यांना १९६२ पासून माहीत होते, तरी ती बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. मला त्यांच्या आयुष्यात सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटते, आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांत ती परत येणार आहे.

जून १९९१ ला नरसिंह राव पंतप्रधान झाले तेव्हा त्यांना अर्थ खात्यात नेहमीचा राजकारणी नको होता, बाहेर कर्ज देणाऱ्यांचा विश्वास बसेल असा माणूस पाहिजे होता. आधी आय. जी. पटेलांना विचारलं, तेही अर्थशास्त्रज्ञ आणि रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर, ते नको म्हणाले. मग पी. सी. अलेक्झांडर, जे पुढं महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, त्यांनी सिंगांना निरोप दिला. २१ जूनला शपथ. खासदार नसलेल्या माणसालाही मंत्री होता येतं, फक्त सहा महिन्यांच्या आत कुठल्यातरी सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं, हे आपल्या राज्यघटनेतच आहे, तुझ्या पॉलिटिकल सायन्सच्या पेपरलाही उपयोगी पडेल. ते ऑक्टोबरमध्ये आसाममधून राज्यसभेवर गेले. लोकसभा एकदाच लढवली, १९९९ ला दक्षिण दिल्लीतून, आणि पडले.

रावांनी त्यांना म्हणे आधीच सांगून ठेवलं होतं की जमलं तर श्रेय आपल्या सगळ्यांचं, फसलं तर तुम्हाला जावं लागेल.

उद्यमबागेतून एक कारखानदार विचारतात : माझी छोटी फौंड्री आहे. १९९१ ला सोनं गहाण टाकलं आणि रुपया पाडला, यात देशाची इज्जत गेली असं आमचे काका अजून म्हणतात. रुपया स्वस्त केल्यानं नेमका फायदा तो कुणाचा?

काकांचं दुःख मला कळतं. आपल्याकडं बायकोच्या गळ्यातलं घेऊन सराफाकडं जायची वेळ आली की माणूस मागच्या दारानं जातो. देशावर ती वेळ आली होती हे खरंच आहे. पण आधी दोन गोष्टी वेगळ्या करूया. पहिलं सोनं गेलं ते मे १९९१ मध्ये, जवळजवळ २० टन, तेव्हा सरकार चंद्रशेखरांचं होतं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेनं आणखी सुमारे ४७ टन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडं तारण ठेवून ४० कोटी डॉलरच्या आसपास उचलले, ते राव-सिंगांच्या काळात. जे तारण होतं ते कर्ज फिटून त्याच वर्षी मोकळं झालं. आखाती युद्धानं तेल महागलेलं, बाहेरच्या लोकांनी ठेवी काढून घ्यायला सुरुवात केलेली, थोड्या मुदतीची कर्जं डोक्यावर, आणि तिजोरीत डॉलर उरले ते दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते. अशा वेळी सोनं ठेवलं नसतं तर हप्ता चुकला असता, आणि एकदा हप्ता चुकवलेल्या माणसाला बाजारात कोण उधार देतंय हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता रुपया. १ जुलैला एक पायरी उतरवला आणि ३ जुलैला दुसरी, मिळून १८-१९ टक्के. डॉलर २१ रुपयांच्या आसपास होता तो २६ च्या जवळ गेला. तुमच्याच कास्टिंगचं उदाहरण घेऊया. एक नग तुम्हाला २१०० रुपयांना परवडतो असं धरा. आधी बाहेरच्या गिऱ्हाइकाला तो १०० डॉलरला पडायचा, नंतर तोच ८१ डॉलरला पडायला लागला, तुमचे २१०० तुम्हाला मिळालेच. म्हणजे तुमचा माल त्याच्या दारात स्वस्त झाला आणि त्याचा माल तुमच्या दारात महाग. निर्यात करणाऱ्याला फायदा, डिझेल-पेट्रोल भरणाऱ्याला फटका, कारण तेल आपण बाहेरूनच आणतो. ज्यानं डॉक्टरेटच निर्यातीवर केली त्यानं हे न समजता केलं असं कुणी म्हणू नये. पहिल्या पायरीनंतर खुद्द राव बिचकले होते, दुसरी थांबवायला सांगितलं, पण तोवर रिझर्व्ह बँकेत उपगव्हर्नर सी. रंगराजन यांच्याकडून ती होऊन गेली होती. दोन दिवसांचा खेळ होता तो, त्यात सही करणाऱ्याच्या पोटात काय होत असेल.

काकांना आणखी एक सांगा, २००९ ला हेच सिंग पंतप्रधान असताना रिझर्व्ह बँकेनं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोनं विकत घेतलं. रोख डॉलर मोजून.

निपाणीजवळच्या गावातून एक शेतकरी विचारतात : सर, तुम्ही सगळे शिकलेले लोक ९१ चं कौतुक करता. आमच्या वडिलांची तंबाखू आणि ऊस होता, त्यांना फक्त खत महागलं एवढंच आठवतंय. शेतकऱ्याला त्या अर्थमंत्र्यानं दिलं काय?

दादा, तुमचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे आणि याला गोड उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवूनच बसलोय.

वडिलांची आठवण अगदी बरोबर आहे. २४ जुलै १९९१ ला बजेट मांडलं, मंत्री होऊन महिनासुद्धा जेमतेम झालेला. सरकारची तूट कमी करायची होती, आणि खताची सबसिडी हा मोठा खर्च होता, म्हणून खताचे दर ४० टक्के वाढवले. अर्थशास्त्राच्या हिशेबानं बरोबर. पण पावसाळा चालू, खताची मागणी ऐन भरात, आणि सिंगांच्याच पक्षाचे खासदार उठून बसले की आम्ही गावात तोंड कसं दाखवायचं. ऑगस्टच्या सुरुवातीला माघार घ्यावी लागली, वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि छोट्या, सीमांत शेतकऱ्याला त्यातून वगळलं. मी तेव्हा तरुण मास्तर होतो आणि स्टाफरूममध्ये या माघारीवर रागावलो होतो, म्हटलं राजकारण्यांनी चांगल्या अर्थशास्त्राचा खेळ केला. आज माझं मत तसं नाही. ज्या माणसानं वीस वर्षं टिपणं लिहिली त्याला पहिल्यांदा कळलं असेल की ४० हा आकडा कागदावर एक असतो आणि सोसायटीच्या दुकानासमोर पोतं उचलायला आलेल्या माणसाला दुसराच असतो. ते ऐकून त्यांनी बदल केला, यात कमीपणा काय आहे?

खरी चूक पुढच्या वर्षी झाली असं मला वाटतं. ऑगस्ट १९९२ ला स्फुरद आणि पालाशची खतं सरकारी नियंत्रणातून मोकळी केली आणि युरिया तेवढा नियंत्रणात स्वस्त ठेवला. डीएपी, पोटॅशचे भाव उडाले. मग शेतकऱ्यानं काय करावं? जे स्वस्त आहे तेच टाकलं. आजही दुधगंगा-वेदगंगेच्या काठानं फिरलं तर उसात युरियाचा मारा किती होतोय ते तुम्हीच मला सांगाल, रान काळंभोर हिरवं दिसतंय, साखर उतारा मात्र तेवढा मिळत नाही. अर्धी सुधारणा करून अर्धी ठेवली की काय होतं याचं यापेक्षा जवळचं उदाहरण माझ्याकडं नाही. डॉ. सिंगांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण हा हिशेब त्यांच्या नावावर आहे.

कारखानदारीचंही तसंच. १९९१ ला बहुतेक उद्योगांचं लायसन काढून टाकलं, फक्त १८ उद्योग मागं ठेवले, आणि त्या १८ मध्ये साखर होती आणि तंबाखूची सिगारेटही होती. म्हणजे आपल्या भागाच्या दोन्ही पिकांचे उद्योग लायसनमध्येच राहिले! साखरेचं लायसन उठलं ते १९९८ ला, तोवर सिंग मंत्री नव्हते. तुमच्या वडिलांना त्या बजेटचा वारा लागला नाही असं वाटत असेल तर त्याला हे कारण आहे.

दिलं काय असं विचारता तर जे पोचलं ते उशिरा पोचलं, ते पंतप्रधान असताना. २००८ ची कर्जमाफी, दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण आणि त्यावरच्याला २५ टक्के सूट. २००९ ला उसाला एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, आली, आधीच्या किमान दराच्या जागी, आज तुम्ही आंदोलनात ज्या तीन अक्षरांसाठी रस्त्यावर बसता ती तीच. आणि २०१३ ला लेव्ही साखर बंद झाली, म्हणजे कारखान्यानं ठरावीक साखर सरकारला कमी भावात द्यायची ती सक्ती गेली. ती ज्या समितीच्या शिफारशीनं गेली तिचे अध्यक्ष कोण, तर सी. रंगराजन, वर रुपयाच्या गोष्टीत जे आले तेच. बावीस वर्षांनी तीच दोन माणसं उसाच्या फडापर्यंत आली. बिल वेळेवर निघतंय का हा प्रश्न मात्र तुम्ही कारखान्याला आणि आपल्या आमदाराला विचारायचाच आहे, तो सोडू नका.

शहापूरहून एक आजोबा लिहितात : आमचे वडील सीमा सत्याग्रहात होते. ते नेहमी म्हणायचे की खरा अर्थमंत्री एकच, सी. डी. देशमुख, आपल्यासाठी खुर्ची लाथाडली. देशमुख आपल्यासाठी राजीनामा दिले हे खरं काय? आणि देशमुख मोठे की मनमोहन सिंग?

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वडिलांच्या भावनेला हात न लावता जेवढं खरं आहे तेवढं लिहितो.

चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावचे, जन्म १८९६. शिक्षणानं ते अर्थशास्त्रज्ञ नव्हते, केंब्रिजला विज्ञान शिकले आणि आयसीएसला पहिले आले. पण अर्थकारण त्यांच्याइतकं आतून बघितलेला माणूस त्या पिढीत विरळा, १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४ ला नाणेनिधी आणि जागतिक बँक जिथं ठरली त्या ब्रेटन वूड्सच्या परिषदेत भारताच्या बाजूनं, आणि १९५० पासून नेहरूंचे अर्थमंत्री. १९५२ ला कुलाबा जिल्ह्यातून (आताचा रायगड) लोकसभेवर निवडून आले. स्टेट बँक १९५५ ला झाली आणि आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण १९५६ ला झालं, दोन्ही त्यांच्याच काळात. तुमच्या घरात एलआयसीची पॉलिसी असेल तर त्या कागदाच्या मुळाशी तेच आहेत.

१६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबई पेटली, आणि दुसऱ्या दिवशी १७ ला आपल्या बेळगावात गोळी चालली, त्या हुतात्म्यांना आपण दर १७ जानेवारीला हुतात्मा चौकात वंदन करतो, तुम्ही वडिलांबरोबर गेलाच असाल. देशमुखांनी जुलैमध्ये मंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून कारण सांगितलं. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता घेतला गेला, आणि मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी सरकार करत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा राजीनामा मुंबईसाठी होता. बेळगाव, खानापूर, निपाणीसाठी म्हणून तो नव्हता, हे आपल्याला कितीही लागलं तरी तसंच सांगायला पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला भाग म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढा कोल्हापूरला मिळाला, तोवर देशमुख मंत्रिमंडळात नव्हते.

पण वडिलांना जे वाटायचं ते चुकीचं होतं असंही मी म्हणणार नाही. त्या वर्षी दिल्लीच्या मंत्रिमंडळात बसलेल्या एका मराठी माणसानं लोकांवर झाडलेल्या गोळीचा हिशेब मागितला आणि मिळत नाही म्हणून सहीची पेन खाली ठेवली, हे इथं गोळी खाल्लेल्या गावाला आपलं वाटणारच. आपल्या भागाला अशीच खुर्ची सोडणारा आणखी एक मंत्री माहीत आहे, अर्थशास्त्रज्ञ डॉ. आंबेडकर. १९२५ ला ते बहिष्कृत परिषदेसाठी निपाणीला आले होते, तेव्हा लंडनची रुपयाच्या प्रश्नावरची डॉक्टरेट मिळून दोनच वर्षं झाली होती. पुढं कायदेमंत्री झाले आणि हिंदू कोड बिल अडलं म्हणून १९५१ ला बाहेर पडले.

मोठा कोण हे मी ठरवणार नाही. फक्त एवढं बघा, रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर आणि नंतर देशाचा अर्थमंत्री झालेली माणसं दोनच, देशमुख आणि सिंग. दोघंही यूजीसीचे अध्यक्ष, सिंग मंत्री व्हायच्या आधी, देशमुख मंत्रिपद सोडल्यावर. सिंगांनीही राजीनामा देऊ केला होता, शेअर घोटाळ्यावर संसदीय समितीचा अहवाल आला तेव्हा १९९३ च्या शेवटी, रावांनी तो घेतला नाही आणि ते थांबले. देशमुख थांबले नाहीत. माझं मन देशमुखांकडं झुकतं, कबूल करतो, आणि त्याला मी सीमाभागातला आहे हेही कारण असेल. पण १९९३ ला सिंग गेले असते तर १९९४ चा सेवाकर, रुपया चालू खात्यावर खुला करणं (म्हणजे आयात-निर्यातीसारख्या व्यवहारांना रुपया परकी चलनात बदलायची मोकळीक), ही कामं कुणी कशी केली असती हाही विचार मनात येतो.

चिकोडीहून एक वाचक विचारतात : एवढे हुशार होते तर पंतप्रधान असताना गप्प का बसायचे?

नेहमीच गप्प नव्हते हो. २००८ ला अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावर डाव्यांनी पाठिंबा काढला तेव्हा त्यांनी अख्खं सरकार पणाला लावलं आणि २२ जुलैला विश्वासमत जिंकलं. माहितीचा अधिकार २००५ चा, रोजगार हमीचा कायदाही २००५ चा, आणि रोजगार हमीची कल्पना तर आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांनी महाराष्ट्रात रुजवलेली, ती देशभर गेली.

पण २०१० नंतरचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. टू-जी, कोळसा खाणी, यावर बोलायला पाहिजे होतं आणि वेळेवर बोलले नाहीत. कोळसा खातं काही काळ त्यांच्याकडंच होतं आणि २०१४ ला सुप्रीम कोर्टानं २०० च्या वर खाणवाटप रद्द केलं. मला वाटतं १९९१ ला त्यांच्या पाठीशी राव होते, राजकारण राव बघायचे आणि हे अर्थकारण बघायचे. पंतप्रधान झाल्यावर खुर्ची यांची आणि पक्ष दुसऱ्याच्या हातात. सही यांची पण शेवटचा शब्द यांचा नाही, असं झालं. हे कारण झालं, माफी नव्हे, कारण १९५६ चं देशमुखांचं उदाहरण त्यांच्याही समोर होतंच.

अनगोळहून एक आई विचारतात : मुलगा बारावी सायन्सला आहे, मराठी माध्यमातून दहावी झालाय. मेडिकल नको, इकॉनॉमिक्स करणार म्हणतोय. घरात सगळे नाराज आहेत. इंग्लिश पण कच्चं आहे. त्याचं काय होणार?

ताई, सिंगांच्या वडिलांनाही मुलगा डॉक्टर व्हायला पाहिजे होता. मेडिकलच्या आधीच्या कोर्सला घातलं आणि काही महिन्यांत त्यांनी ते सोडून दिलं, मन लागेना. केंब्रिजला गेले तेव्हा पैशाची एवढी ओढाताण की कधीकधी जेवणाऐवजी चॉकलेटवर दिवस काढला. नाराजीची सवय त्या घरालाही होती.

तुमच्या मुलाचा सायन्सचा बेस असेल तर तो तोटा नाही, फायदाच आहे, फक्त गणित सोडू देऊ नका. आज एम.ए. इकॉनॉमिक्सच्या चांगल्या ठिकाणी गणित-स्टॅटिस्टिक्स नसलं की पोरं पहिल्याच सेमिस्टरला घाबरतात, हे मी माझ्याच विद्यार्थ्यांचं बघितलंय. बी.ए. किंवा बी.एस्सी. इथं राणी चन्नम्मा विद्यापीठाखालच्या कॉलेजात करता येतं. नंतर पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, १९३० पासूनची, तिथं धनंजयराव गाडगीळ होते, जे पुढं नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. नाहीतर दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. ती काढली व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९४९ ला, आणि हे राव १९६७ ला आपल्या कर्नाटकातल्या बळ्ळारीतून खासदार झाले, आधी जहाज-वाहतूक आणि मग शिक्षणमंत्री. मुलगा कॉलेजात एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजना) जात असेल तर ती त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात १९६९ ला सुरू झाली. संशोधनाकडं वळला तर बेंगळूरची आयएसईसी ही सामाजिक-आर्थिक संशोधन संस्था, तीही रावांनीच १९७२ ला उभी केलेली.

नोकरीचं विचाराल तर यूपीएससीची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस म्हणून वेगळी परीक्षा आहे, इकॉनॉमिक्समध्ये एम.ए. लागतं, वय २१ ते ३०. पेपर इंग्रजीतूनच लिहावा लागतो, तेव्हा इंग्लिशवर आत्तापासून रोज तासभर घालायला सांगा, पेपर वाचू दे, अर्थसंकल्पाचं भाषण वाचू दे, ते सरकारी वेबसाइटवर फुकट असतं. १९९१ चं आधी वाचू दे. अवघड शब्द वहीत मराठीत लिहून ठेवायचे, मी स्वतः असंच शिकलो.

आणि मराठी माध्यम म्हणून तो लाजत असेल तर त्याला एवढं सांगा, मनमोहन सिंग शाळा उर्दूतून शिकले. पंतप्रधान झाल्यावरही हिंदी भाषण करायचं असलं की समोरचा कागद उर्दू लिपीत लिहिलेला असायचा, देवनागरी नाही. लाल किल्ल्यावरून पंधरा ऑगस्टला बोलायचे ते त्याच कागदावरून. घरात मराठी, शाळेत कन्नड, कॉलेजात इंग्रजी अशा तीन भाषांत वाढलेल्या आपल्या पोरानं घाबरायचं कारण नाही. त्याला पुढच्या रविवारी सकाळी माझ्याकडं पाठवा, पत्ता अंकाच्या ऑफिसात मिळेल, येताना बारावीचं गणिताचं पुस्तक घेऊन ये म्हणावं.